ऋण सोडणे वेगळे, हक्क सोडणे वेगळे

ताई, सलाम.

आपला प्रश्न मी दोनदा वाचला आणि उत्तर लिहायला चार दिवस घेतले, कारण अशा प्रश्नांना घाईने उत्तरे देऊन मी पूर्वी माणसे दुखावली आहेत. इतर वाचणाऱ्यांसाठी आपला प्रश्न थोडक्यात मांडतो. आपले वडील चार वर्षांपूर्वी ख्रिस्तवासी झाले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. थोरल्या भावाने वारसनोंदीचे कागद आहेत असे सांगून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आपली सही आणि आईचा अंगठा घेतला. गेल्या वर्षी आपण सातबारा काढलात, तेव्हा तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र होते हे कळले. वकील दावा दाखल करू म्हणतात. आई भावाकडेच राहते आणि म्हणते, "दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणतेस ना, मग सोडून दे." आपल्या पाळकांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातले पंधरावे वचन दाखवले, ज्यात मनुष्यांना क्षमा केली नाही तर पित्याकडूनही क्षमा होणार नाही असे म्हटले आहे. तेव्हापासून आपण प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत मेजावरून दिली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, घेणे बंद केले आहे. शेवटी आपण लिहिता की शास्त्र रोज वाचते, पण भाषा जड जाते आणि जो तो आपल्या सोयीचे वचन काढून दाखवतो, मग साध्या माणसाने हे समजून कसे घ्यावे?

मी चौतीस वर्षे पाळक म्हणून सेवा केली, बहुतेक नगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या लहान मंडळ्यांत, आणि आता निवृत्त आहे. मी वकील नाही. आपल्या भावाची बाजू मी ऐकलेली नाही, त्यामुळे पुढे जे लिहितो ते आपण सांगितलेले खरे आहे असे धरून लिहितो. भाऊ रागाच्या भरात हात उचलणारा आहे का, आई औषधपाण्यासाठी सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून आहे का, जमीन अजून त्याच्याच नावावर आहे की पुढे कोणाला विकली गेली आहे, या तीन गोष्टींवर बरेच काही ठरेल आणि त्या आपण लिहिलेल्या नाहीत.

माझ्या समजुतीप्रमाणे आपली अडचण क्षमा करावी की करू नये ही नाही. आपल्याला क्षमा करायची आहे, एरवी आपण प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर बसून रडला नसतात. अडचण अशी आहे की 'सोडणे' या एका शब्दात आपल्या घरच्यांनी दोन वेगळी कामे बांधून आपल्या हातात दिली आहेत. एक काम ऋण सोडण्याचे आहे आणि दुसरे हक्क सोडण्याचे. पहिले प्रभू मागतो. दुसरे आपला भाऊ मागतो, तेही मागून नव्हे, तर आधीच घेऊन.

ज्या प्रार्थनेवरून आपल्याला बोलले जाते, तिथूनच सुरुवात करू. आपण ती लहानपणापासून अशी म्हणत आलो आहोत: "आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." नव्या भाषांतरांत येथे अपराध आणि क्षमा हे शब्द येतात आणि ते चूक नाहीत, पण जुन्या मराठीने मूळ ग्रीक शब्दाशी इमान राखले आहे. मत्तयाने वापरलेला शब्द देण्याघेण्याचा, उधारीचा आहे. येशू ज्यांच्याशी बोलत होता ते गालीलातले कोळी, शेतमजूर आणि कुळे होती, आणि सावकाराची वही म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ऋण सोडायचे तर आधी ते किती आहे हे कळावे लागते. ज्या सावकाराला आपली येणे बाकी ठाऊकच नाही, तो काही सोडत नाही, तो फक्त विसरलेला असतो. म्हणून "काही झालेच नाही असे समज" हा आपल्या आईचा सल्ला मायेपोटी आलेला असला, तरी तो प्रभूच्या प्रार्थनेतला नाही.

हेच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात अधिक उघड दिसते. पेत्र विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का? येशू त्याचे गणितच मोडून टाकतो आणि सत्तर व सात यांचा मेळ घालून आकडा सांगतो. तो सत्त्याहत्तर होतो की चारशे नव्वद, यावर विद्वानांनी वाद घातला आहे, पण मला त्यापेक्षा महत्त्वाचे हे वाटते की उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात लामेख आपल्या सूडाचा आकडा सांगतो तेव्हा नेमके हेच शब्द येतात. लामेखाने सूड जितका ताणला, तितकीच क्षमा ताणायची असे ते बोलणे आहे. त्यानंतर दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, येतो आणि त्या दाखल्याची सुरुवातच अशी आहे की राजाने दासांचा हिशेब घेण्याचे ठरवले. आधी वही उघडली जाते, दयेची गोष्ट मागून येते.

या दाखल्यातले आकडे मी मंडळीत नेहमी फळ्यावर मांडत असे. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजी, हे मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या दाखल्यात सांगितले आहे. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. पहिल्या दासाचे कर्ज दहा हजार तालांत होते, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आपल्याकडची रोजी पाचशे रुपये धरली तर ते तीन हजार कोटी रुपये होतात. गालील आणि पेरियावर राज्य करणाऱ्या हेरोद अंतिपाला आपल्या मुलखातून वर्षाला दोनशे तालांत मिळत असे योसेफस या यहूदी इतिहासकाराने लिहिले आहे. म्हणजे त्या दासावर सबंध प्रांताचा पन्नास वर्षांचा वसूल थकलेला होता आणि तो माणूस गुडघे टेकून म्हणतो, "मला वेळ द्या, मी सगळे फेडीन." ऐकणारे येथे हसले असतील असे मला नेहमी वाटते. राजा त्याला वेळ देत नाही, तो कर्जच सोडतो. तोच दास बाहेर पडून आपल्या सोबत्याचा गळा धरतो, शंभर दीनारांसाठी, म्हणजे पन्नास हजार रुपयांसाठी.

आता ज्या ठिकाणी हा दाखला दुखावलेल्या माणसावर उलटवला जातो ते पाहा. उपदेशक म्हणतो, देवाने तुझे तीन हजार कोटी सोडले आणि तू पन्नास हजारांसाठी अडून बसली आहेस. मीही तरुणपणी असा उपदेश केला आहे. पण येशूने दुसरे कर्ज शून्य ठेवलेले नाही. शंभर दिवसांची मजुरी ही ज्याच्या घरात रोज चूल पेटवायची विवंचना आहे त्याच्यासाठी लहान रक्कम नाही, पावसाळ्याआधी छप्पर शाकारायचे की मुलीची फी भरायची इतका तो प्रश्न आहे. मोठ्या कर्जापुढे ते लहान दिसते, पण ते खरे आहे. आपल्या भावाने आपल्याला फसवले, हे देवाच्या दृष्टीने क्षुल्लक आहे असे हा दाखला कोठेही म्हणत नाही.

आणखी एक वचन आहे, ज्यावर मी कधी उपदेश ऐकलेला नाही. पहिल्या दासाने सोबत्याला तुरुंगात टाकले तेव्हा इतर दासांना फार वाईट वाटले आणि त्यांनी जाऊन राजाला सगळी हकीकत सांगितली. राजाने त्यांना चहाडखोर म्हटले नाही, घरची भानगड बाहेर का आणली असे विचारले नाही, तर ऐकून घेऊन कारवाई केली. अन्याय झाला असे योग्य ठिकाणी सांगणे आणि क्षमा न करणे या दोन गोष्टी एकच असत्या, तर हा दाखला इथेच मोडून पडला असता.

आता मत्तय ६:१५ कडे येतो, कारण आपली झोप त्याने उडवली आहे. ते वचन मी सौम्य करणार नाही. जो ठरवून, शांत डोक्याने म्हणतो की माझ्यावर दया व्हावी पण माझ्याकडून कोणावर होणार नाही, त्याला ते सरळ लागू आहे. पण दाखल्यातला तो दास कसा आहे ते पाहा. तो रडत नाही, झुरत नाही, मला सोडता येत नाही म्हणून कोणापाशी प्रश्न घेऊन जात नाही. तो गळा दाबतो. क्षमा करता येत नाही याचे ज्याला दुःख आहे आणि क्षमा करणार नाही असा ज्याचा बेत आहे, या दोघांना एकाच वचनाने हाणणे हे मला शास्त्राचे वाचन वाटत नाही.

येथे व्याकरणाचा थोडा आधार मिळतो. मत्तयाच्या प्रार्थनेत "सोडले आहे" असे झालेल्या कामासारखे म्हटले आहे, तर लूकाच्या अकराव्या अध्यायात तीच प्रार्थना "आम्हीही सोडतो" अशा चालू काळात आहे. दोन्ही रूपे प्रभूच्याच नावाने आपल्यापर्यंत आली आहेत. ज्या दिवशी "सोडले आहे" म्हणताना जीभ अडखळेल, त्या दिवशी लूकाचे रूप म्हणावे. शिवाय ही विनंती रोजच्या भाकरीच्या विनंतीला 'आणि' या शब्दाने जोडलेली आहे. कालची भाकर आजच्या भुकेला पुरत नाही, आणि माझ्या अनुभवात कालची क्षमाही आजच्या रागाला पुरत नाही. भावाचा मुलगा नवी गाडी घेऊन दारावरून गेला की जुनी बाकी व्याजासह वर येते. ती पुन्हा सोडावी लागते. हे ढोंग नव्हे.

प्रभुभोजनाविषयी एवढेच सांगतो की करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल म्हणतो की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. परीक्षा करून दूर बसावे असे तो म्हणत नाही. आपण पुढच्या वेळी मेजाकडे जा. प्रार्थनेची ती ओळ ओठावर येणार नसेल तर गप्प राहा. ती प्रार्थना 'आम्ही' म्हणून लिहिलेली आहे, त्या दिवशी मंडळी आपल्या वतीने म्हणेल.

आता हक्काची गोष्ट. ज्या ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केलेले नाही, त्याची मालमत्ता आपल्याकडे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे वाटली जाते. विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना समान, त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. आपण दोनच भावंडे आहात असे लिहिता, म्हणजे आई, भाऊ आणि आपण यांना प्रत्येकी एक तृतीयांश. त्या कागदावर आईचाही अंगठा आहे, म्हणजे तिचाही वाटा गेलेला आहे आणि ते तिला कदाचित अजून उमगलेले नाही. आपला वाटा आपण सोडू शकता, पण आईचा वाटा हे आपले ऋण नव्हे आणि तो सोडण्याचा अधिकारही आपला नाही. उद्या भावाने आईला सांभाळले नाही तर तिच्या नावावर काय आहे, हा प्रश्न क्षमेच्या नावाखाली झाकून ठेवणे हे आईचे भले करणे नव्हे.

फसवणुकीने करून घेतलेला दस्त रद्द करून घेण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि ती साधारणपणे फसवणूक कळल्यापासून मोजतात. आपले एक वर्ष गेले आहे. नेमकी तारीख वकिलांकडून लिहून घ्या. मुदतीत दावा दाखल करणे हे वैर नव्हे. दाखल केलेला दावा मध्यस्थीत किंवा लोकअदालतीत तडजोडीने मिटवता येतो, मागेही घेता येतो. मुदत गेल्यावर मात्र आपल्या हातात सोडण्यासारखे काहीच उरत नाही, आणि जे उरलेच नाही ते "मी उदार मनाने सोडले" असे म्हणणे खोटे होईल.

आपल्याला कोणी तरी करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय नक्कीच दाखवील, तो वाचून ठेवा. भाऊ भावावर फिर्याद करतो याची पौलाला लाज वाटते आणि तो म्हणतो की त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नुकसान का सोसत नाही? हे वचन मलाही टोचते आणि ते टोचलेच पाहिजे. पण त्याच्या आधी पाचव्या वचनात तो मंडळीला विचारतो की भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का? आणि त्याच्या पुढच्या, आठव्या वचनात तो अन्याय करणाऱ्याला म्हणतो की तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही आपल्या बंधूंना. सातवे वचन बहिणीला वाचून दाखवायचे आणि पाचवे व आठवे गिळून टाकायचे, ही आपल्या मंडळ्यांची जुनी खोड आहे. आपल्या पाळकांना विनंती करा की मंडळीतल्या दोन समंजस पंचांना घेऊन त्यांनी भावाला बोलवावे आणि आठवे वचन त्याच्यासमोर वाचावे. त्यांनी नकार दिला तर मंडळीने आपला मार्ग स्वतःच बंद केला, आपण तो सोडला नाही.

त्याआधी मात्र एक काम आपले आहे. मत्तय १८:१५ म्हणते की भावाने अपराध केला तर जा आणि तुम्ही दोघे एकांतात असताना त्याचा अपराध त्याला दाखव. मग दोघे-तिघे साक्षी, मग मंडळी. आपण लिहिता की दोन वर्षे भावाशी बोलणे नाही, निरोप आईमार्फत जातात आणि दिवाळीत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण सातबाऱ्याचा फोटो टाकलात. राग समजतो, पण प्रभूने सांगितलेला क्रम आपण तिथे उलटा केला. आधी सगळ्यांसमोर, मग आईमार्फत, आणि समोरासमोर कधीच नाही. भाऊ हिंसक नसेल तर एकदा एकटीने जा, कागद बरोबर न्या, आणि आवाज न चढवता विचारा. तो हिंसक असेल तर एकटीने मुळीच जाऊ नका, तिथे दुसऱ्या पायरीपासूनच सुरुवात करा.

येशूपाशी हाच दावा एकदा आला होता. लूकाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण म्हणतो, "गुरुजी, मला वतनाचा वाटा द्यायला माझ्या भावाला सांगा." येशू म्हणतो की मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले? तो त्या माणसाला वाटा सोडून दे म्हणत नाही आणि वाटा मिळवूनही देत नाही, पण लोभापासून सांभाळा हे मात्र सगळ्यांना सांगतो. म्हणून मीही आपला वाटणीदार होणार नाही. वाटणी ज्यांचे काम आहे त्यांच्याकडे न्या. लोभाचा प्रश्न मात्र दोघा भावंडांना सारखाच आहे, आणि जमिनीचा भाव वाढल्यापासून आपला राग किती वाढला हे आपण स्वतःला एकदा विचारून पाहावे. रागावू नका, मी हा प्रश्न दर वेळी विचारतो.

क्षमा केली म्हणजे पूर्वीसारखे एका ताटात जेवायचे का, असेही आपण विचारले आहे. भावाचा आशीर्वाद कपटाने घेऊन पळालेला याकोब आणि तो भाऊ एसाव वीस वर्षांनी भेटले, गळ्यात पडून रडले, आणि एसावाने बरोबर चल म्हटले तेव्हा याकोब होय होय म्हणत सुक्कोथाला निघून गेला, एसावाच्या सेईराला गेलाच नाही. ज्या भावांनी योसेफाला विकून टाकले होते त्यांना त्याने धान्य पहिल्याच खेपेला दिले, पण आपली ओळख दिली नाही. त्याने शिमोनाला अडकवून ठेवले, बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवला, आणि धाकट्याला संकटात टाकून हे पुन्हा पळतात का ते पाहिले. यहूदा पुढे होऊन त्याच्या जागी मला दास करून ठेवा म्हणाला, तेव्हा कुठे योसेफ मोठ्याने रडला. आणि शेवटी पन्नासाव्या अध्यायात, सगळे मिटल्यावरसुद्धा, तो त्यांना म्हणतो की तुम्ही माझे वाईट करू पाहिलेत. त्याने झाल्या गोष्टीचे नाव बदलले नाही. क्षमा एकट्याला करता येते, विश्वास परत यायला दुसऱ्याला बदलावे लागते, आणि त्याला किती दिवस लागतील हे आपल्या हातात नाही.

घाईने उत्तरे देऊन माणसे दुखावली असे मी सुरुवातीला म्हटले, त्यातली एक आठवण सांगतो. सेवेच्या तिसऱ्या वर्षी एका मंडळीत दोन जावांचे वैर होते. मी उपासनेच्या शेवटी दोघींना पुढे बोलावले, हात हातात द्यायला लावले आणि धाकटीकडून "माफ केले" असे वदवून घेतले. लोकांनी हालेलुया म्हटले. धाकटीचा हात थंड आणि ओला होता, ते मला त्याच वेळी जाणवले होते, पण मी गीत सुरू केले. सहा महिन्यांनी ती मंडळीत यायची बंद झाली. पुष्कळ वर्षांनी भेटली तेव्हा म्हणाली, "पाळकसाहेब, काय झाले होते ते तुम्ही मला विचारलेच नाही." तेव्हापासून मी आधी विचारतो.

विचारायची माझी रीत साधी आहे. मी माणसाला एक दोनशे पानी वही आणायला सांगतो आणि डावीकडे 'काय देणे आहे' असे लिहून एकेक नोंद करायला लावतो, रागाची भाषा चालेल, पण प्रत्येक ओळीत एकच गोष्ट. एका निवृत्त शिक्षकाने आपल्या धाकट्या भावाविषयी अशा चौदा नोंदी केल्या होत्या. मला वाटले होते सगळ्या विहिरीच्या आणि बांधाच्या असतील. पैशाच्या फक्त तीन निघाल्या. अकरावी नोंद अशी होती: "दादांच्या कबरीच्या फरशीवर फक्त स्वतःचे नाव घातले." आम्ही दोघे कबरस्थानात जाऊन ती फरशी पाहिली. काळ्या दगडावर वडिलांचे नाव, जन्म, मृत्यू, आणि खाली एकाच मुलाचे नाव. जागा मात्र दोघांपुरती होती. मी त्या धाकट्या भावाला जाऊन इतकेच म्हटले की जमिनीचे कोर्टात चालू द्या, फरशीचे काय ते सांगा. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला की कारागिराने घाई केली. महिन्याभरात दुसरे नाव कोरले गेले. अक्षरे जरा वेगळ्या वळणाची आली, ती तशीच आहेत. विहिरीचा दावा त्यानंतरही चालला आणि त्याचा निकाल एका भावाला आवडला नाही. पण अकराव्या ओळीवर त्या गुरुजींनी स्वतःच्या हाताने रेघ मारली आणि त्यानंतर आणखी चार ओळी आपोआप सुटल्या, असे त्यांनीच मला सांगितले. उरलेल्या नऊपैकी काही त्यांच्याबरोबर जातील, हेही ते प्रांजळपणे म्हणत.

आता शास्त्र साधेपणाने कसे वाचावे, या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. बरेचसे उत्तर वर येऊन गेले आहे. आपल्याला जे दुखले ते शास्त्राने नव्हे, सुट्या वचनाने. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले आणि नव्या कराराच्या वचनांना आज आहेत ते आकडे १५५१ मध्ये पॅरिसच्या रोबेर एतिएन या मुद्रकाच्या आवृत्तीत पडले. मत्तयाने आकडे घातलेले नव्हते. वचनाचे कॅलेंडर भिंतीवर असू द्या, पण कोणी वचन दाखवले की त्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाचल्याशिवाय मान डोलावू नका. हे कोण, कोणाला, कशानंतर म्हणाले, इतके तीन प्रश्न मला चौतीस वर्षे पुरले.

भाषेच्या जडपणाची तक्रार आपली एकटीची नाही. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे शास्त्र मराठीत आणण्याचे काम हाती घेतले, कारण मुक्ती मिशनमधल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांना समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण शब्द निवडताना त्यांनी त्या बायकांचे कान समोर ठेवले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये निघाले. आपण घरी जुने भाषांतर आणि एखादे सोप्या मराठीतले, अशी दोन शेजारी ठेवून वाचा. जिथे दोघांत फरक दिसेल, जसा ऋण आणि अपराध यांत दिसला, तिथे थांबा. मग पुस्तक मिटून तो भाग घरातल्या कोणाला तरी आपल्या शब्दांत सांगा. जिथे सांगताना अडाल, तेवढेच आपल्याला समजलेले नाही. तेवढेच पाळकांना विचारा, ते उपकार मानतील.

पुढच्या आठ दिवसांत आपल्याला काय करता येईल ते लिहितो. वकिलांकडून मुदतीची तारीख घ्या. मत्तयाचा अठरावा अध्याय पहिल्या वचनापासून पस्तिसाव्यापर्यंत एका बैठकीत मोठ्याने वाचा. आणि वही घाला. नोंदी किती झाल्या ते मला कळवू नका, मात्र त्यांतली कोणती नोंद जमिनीची नाही आणि भावाच्या तोंडावर सांगता येईल अशी आहे, तिच्यापुढे पेन्सिलीने खूण करा. भावाकडे जाल तेव्हा कागद पिशवीत राहू द्या आणि बोलायला त्या ओळीपासून लागा.